‘बसते ना भाऊ!’ : चाका-टायरांच्या चटपटीत गोष्टी, मुक्काम केळझर

नागपूरहून वर्ध्याला निघालं की बुटीबोरी मागे टाकल्यावर, सेलूच्या अलीकडे केळझर लागतं. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक सिद्धिविनायक इथल्या टेकडीवर आहे. गावकऱ्यांना विचाराल तर महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. पांडव इथे लपून राहिले आणि भीमाने बकासुराला मारलं तेही इथेच. (जळगावकडचे एरंडोलकर म्हणतात, एकचक्रा आमची. त्या भांडणात आपण पडायला नको.) बकासुराचा खुराक आदिपर्वात चक्क ठरवून दिलेला आहे: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते सगळं घेऊन येणारा एक माणूस. त्या गाड्याच्या चाकांना किती वजन पेलतं, हे कुणी तपासलं असेल असं वाटत नाही. आज तपासता येतं, कारण ते टायरवर लिहिलेलंच असतं.

चतुर्थीला देवळाखाली लागलेल्या गाड्यांमधून एक चक्कर मारा. एमएच ३२ वर्ध्याच्या, एमएच ३१, ४० आणि ४९ नागपूरच्या. एखादी कोरी गाडी, बॉनेटवर हार आणि चारही चाकांखाली लिंबू. लोक गाडीचा रंग बघतात, सनरूफ बघतात, टायरवरची अक्षरं मात्र कुणी वाचत नाही. आणि मग दोन-तीन वर्षांनी नवी चाकं घ्यायची वेळ आली की दुकानात एकच संवाद होतो.

“हे बसते का माह्या गाडीले?”

“बसते ना भाऊ! पट्टी टाकून देतो, काई नाई होत.”

या ‘बसते’ची पुढे उलटतपासणी आहे.

एका ओळीत चार भाषा

समजा टायरवर लिहिलंय: १८५/६५ आर १५ ८८ एच. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही टक्केवारी: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, पण तो इंचात! पुढचं ८८ हे ना मिलिमीटर, ना इंच, ना किलो. तो भाराचा सांकेतिक आकडा. आणि एच हे वेगाचं अक्षर. मिलिमीटर, टक्के, इंच आणि सांकेतिक खुणा अशी खिचडी एका ओळीत जगभर चालते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

यातून एक फसगत नेहमी होते. ६५ हे टक्के असल्यामुळे १८५/६५ आणि २०५/६५ यांच्या भिंतींची उंची सारखी नसते. पहिल्याची १२० मिमी, दुसऱ्याची १३३. “मी फक्त रुंद घेतला, उंची तीच ठेवली” असं म्हणणाऱ्याची गाडी नकळत उंच झालेली असते.

८८ म्हणजे ५६० किलो

भाराच्या आकड्याला तक्ता लागतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. हा भार एका टायरचा. ८८चे चार टायर मिळून २,२४० किलो पेलतात. नऊशे किलोच्या आसपासच्या हॅचबॅकला एवढं कशाला, असा प्रश्न पडेल. पण ब्रेक मारला की वजन पुढच्या दोन चाकांवर झेपावतं, वळणावर बाहेरच्या बाजूला, आणि खड्ड्यात एकट्या चाकावर. शिवाय लग्नाचा सीझन असला की पाच जणांच्या गाडीत किती बसतात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून नवा टायर घेताना भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. जास्त चालेल, कमी नाही. दुकानदार माप बरोबर देतो पण भाराचा आकडा उतरतो, असं सहज होऊ शकतं, कारण एकाच मापात वेगवेगळे भारांक मिळतात.

एच रांग मोडून कुठे गेला?

वेगाची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने चढतात: एस १८०, टी १९०, यू २०० किलोमीटर ताशी. पुढचा २१० मात्र व्ही नाही, एच. व्ही थेट २४०. एच हा रांगेत मध्येच घुसलेला पाहुणा आहे. त्यामुळे ‘एच हा टीच्या आधी येतो, म्हणजे हलका असणार’ हा तर्क सपशेल आपटतो.

आपल्याकडे २१० ने कोण जातंय, असं म्हणून हे अक्षर दुर्लक्षू नका. वेगाचं अक्षर हे टायर उष्णता किती सोसतो त्याची खूण असतं. आणि वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो.

कंपनीने उत्तर आधीच छापलंय

ही मला या सगळ्यातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर.

मारुती स्विफ्टच्या स्वस्त मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतात, महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५. एक १४ इंची रिमचा, दुसरा १५ इंची. रुंदीत २० मिमीचा फरक. दिसायला जमीन-अस्मान. आता गणित करा. पहिल्याची भिंत १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. वर-खाली दोन भिंती म्हणून २६४. त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवा. एकूण व्यास ६१९.६ मिमी. दुसऱ्याची भिंत १२०.२५, दोन मिळून २४०.५, अधिक १५ इंच म्हणजे ३८१. एकूण ६२१.५ मिमी.

फरक १.९ मिमी. दोन मिलिमीटरसुद्धा नाही!

बलेनोकडे या. खालच्या मॉडेलांना तोच १८५/६५ आर १५, वरच्यांना १९५/५५ आर १६. दुसऱ्याचा व्यास ६२०.९. परत तोच आकडा. रिम मोठी होत जाते, रबराची भिंत बारीक होत जाते, बाहेरचा घेर मात्र जागचा हलत नाही. अभियंत्यांनी हे हौसेने केलेलं नाही. गिअरचं प्रमाण, स्पीडोमीटर, एबीएस, चाकाच्या वरची मोकळी जागा, हे सगळं त्या एका घेरावर बेतलेलं असतं.

तेव्हा मोठी रिम हवीच असेल तर पहिला प्रश्न असा विचारा: माझ्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी काय देते? ते माप, तीच रुंदी, तोच ऑफसेट (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येतंच). यापेक्षा सुरक्षित उत्तर कुठलाही दुकानदार देऊ शकणार नाही. त्याबाहेर जायचंच असेल तर एकूण व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा, असा व्यवसायातला ढोबळ नियम आहे.

काटा १२० वर, गाडी १२७ वर

वॅगन-आरच्या काही मॉडेलांना १६५/७० आर १४ असतात. व्यास ५८६.६. एखाद्याने मित्राच्या स्विफ्टची १५ इंची चाकं उचलून त्यावर चढवली तर व्यास होतो ६२१.५. जवळजवळ ६ टक्क्यांनी जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. तो जुन्याच घेरावर हिशेब करत बसतो. काटा १०० दाखवतो तेव्हा हिशेबाने गाडी १०६ ने पळते. समृद्धी महामार्गावर काटा १२० वर ठेवलात तर प्रत्यक्षात १२७. मर्यादा १२० ची, पावती तुमच्या नावाची.

ओडोमीटरही तसाच कमी धावतो. गाडी विकताना याचा फायदा होईल असं मनात आलं असेल तर गप्प बसा.

याच हिशेबातली आणखी एक गंमत. नागपूर ते आमणे हा समृद्धी ७०१ किलोमीटरचा. कागदावर, १८५/६५ आर १५ चं चाक त्यात सुमारे ३ लाख ५९ हजार फेरे घेतं. टाटा नॅनोच्या मागच्या चिमुकल्या चाकाला त्याच अंतरासाठी सुमारे ४ लाख ४० हजार फेरे पडतील.

नॅनोचे तीन नट

नॅनोचा विषय निघालाच आहे तर: तिच्या चाकाला नट फक्त तीन. आणि पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे: पुढे १३५/७० आर १२, मागे १५५/६५ आर १२. इंजिन मागे, म्हणून वजन मागे, म्हणून रबर मागे रुंद. हा थाट एरवी महागड्या स्पोर्ट्स कारचा. लाखाच्या गाडीला तो मिळाला हे लोकांच्या लक्षातही आलं नाही. घरात जुनी नॅनो असेल तर पुढचा टायर मागे फिरवायच्या आधी माप वाचा.

९८ आणि १०० : दोन मिलिमीटरचा दगा

चाक गाडीला बसतं ते नटांच्या भोकांवर. ही भोकं एका काल्पनिक वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. ४ × १०० याचा अर्थ चार भोकं, १०० मिमीच्या वर्तुळावर. स्विफ्ट, होंडा सिटी, आय-२० या सगळ्या ४ × १००. क्रेटा आणि ब्रेझा ५ × ११४.३.

हे ११४.३ कुठून आलं, असं वाटतं ना? बरोबर साडेचार इंच. तसंच १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं हे माप, आणि ही जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला सुरुवात केली. मिलिमीटरच्या कपड्यातले हे आकडे मुळात इंचातलेच.

दगा आहे तो फियाटमध्ये. उनो, पालिओ, पुंटो, लिनिया यांचा पीसीडी ४ × ९८. बाजारात अलॉय मिळतात ते ४ × १०० चे ढीगभर. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ९८ च्या हबवर १०० चं चाक ठेवलं की पहिला बोल्ट बसतो (फियाटला नट नसतात, बोल्टच असतात), दुसरा बसतो, तिसरा जरा जोर लावून बसतो. दुकानदार म्हणतो, बसलं! प्रत्यक्षात बोल्ट तिरके बसलेले असतात, चाक मध्यावर नसतं, आणि बोल्टवर सतत आडवा ताण येत राहतो. ‘बसवता येतं’ म्हणजे ‘बसतं’ असं नव्हे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पुंटो आणि लिनिया बनायच्या पुण्याजवळ रांजणगावला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावात तयार झालेली गाडी विदर्भाच्या अष्टविनायकाला आली आणि तिला चुकीची चाकं लावलेली निघाली, तर दोन्ही गणपतींनी काय करायचं?

मधलं भोक आणि नटाचं बूड

पीसीडी जुळला म्हणून सुटलो असं नाही. चाकाच्या मधल्या भोकाचं माप हबशी जुळावं लागतं. स्विफ्टचं ५४.१ मिमी. बाजारातले अलॉय बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून हे भोक मुद्दाम मोठं ठेवतात, आणि फट भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग येते. ती रिंग दुकानातच राहिली तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यावर राहतं, आणि ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागतं. मग बॅलन्सिंग तीनदा करूनही थरथर जात नाही. मेकॅनिक बेअरिंगवर शंका घेतो, सस्पेन्शनवर घेतो, आणि खरं कारण शंभर रुपयांची रिंग असते.

नट तर आणखी मजेशीर. बहुतेक गाड्यांच्या नटाचं बूड शंकूसारखं निमुळतं असतं. होंडाच्या कंपनीच्या चाकांना मात्र गोल बुडाचे नट लागतात. आटेही वेगळे: मारुतीचे बारीक, होंडा-टोयोटाचे जाड. होंडाच्या मूळ नटांनी बाजारातलं शंकूच्या खाचेचं अलॉय आवळलं, तर नट खाचेला जेमतेम एका कडेने टेकतो आणि चालत्या गाडीत ढिला पडत जातो. म्हणून नवं चाक घेताना त्याचे नट कोणते, हा प्रश्न चाकाच्या किमतीआधी विचारावा.

आणि आवळायचे ते चांदणीच्या क्रमाने, समोरासमोरचे. पान्यावर उभं राहून, उड्या मारून नव्हे. टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. शे-पन्नास किलोमीटर चाललं की परत एकदा बघायचे.

ऑफसेट, म्हणजे चाक आत की बाहेर

अलॉयच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं, उदाहरणार्थ: १५ × ५.५ जे, ईटी ४५. साडेपाच इंच रुंद रिम, आणि तिचा मध्य हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून ४५ मिमी आत. आता समजा कुणी ६.५ इंच रुंद, ईटी ३८ चं चाक घेतलं. एक इंच जास्त रुंदी म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे १३ मिमी. शिवाय ऑफसेट ७ मिमीने कमी, म्हणजे आख्खं चाक ७ मिमी बाहेर. बाहेरची कड एकूण सुमारे २० मिमी बाहेर येते, आतली ६ मिमी आत सरकते.

वीस मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण एकटे असताना छान चालणारी गाडी मागे चार पाहुणे बसले की फेंडरला घासायला लागते. व्हील बेअरिंगवरचा ताण बदलतो, स्टीअरिंग खड्ड्याखड्ड्याला हात ओढतं, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल दारांवर उडतो तो वेगळाच. आतल्या बाजूला ६ मिमी सरकलं म्हणून शॉकअपला किंवा ब्रेकच्या नळीला टेकतंय का, तेही बघावं लागतं.

तपासायची रीत सोपी आहे. गाडीत माणसं बसवा, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा, एखाद्या गतिरोधकावरून सावकाश न्या आणि कान द्या. हे पैसे देण्याआधी करायचं असतं. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला.

आणि ती ‘पट्टी’? तिला स्पेसर म्हणतात. हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची ॲल्युमिनियमची चकती. ती घातली की नटाला बोल्टवर धरायला आटे कमी उरतात. चुकीचं चाक बरोबर करायला स्पेसर वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बरोबर चाक घ्यावं.

बंडीची धाव

चाकावर टायर घट्ट बसवण्याची कला आपल्याकडे नवी नाही. लाकडी चाकाची बंडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना लोखंडी धाव आठवेल. लोहार ती धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान करायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की सांडशीने उचलून चाकावर ठेवायची आणि वरून पाणी ओतायचं. साडेचार मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापली की सुमारे २७ मिमी वाढते. थंड होताना तेवढीच आकसते, आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत आख्खं चाक करकचून आवळते. ना नट, ना पट्टी. धाव जास्त सैल केली तर निखळायची, जास्त लहान केली तर आरे मोडायचे.

मग हवेचे टायर आले आणि बैलांचे हाल जरा कमी झाले. टायरच्या बैलगाडीला अनेक गावांत अजून ‘डनलॉप’च म्हणतात. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. १८८७-८८ मध्ये त्याने पोराच्या तिचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला. त्याच्या ४० हून जास्त वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं, पण त्याचं नाव कुठल्या बैलगाडीला लागलं नाही. वर्ध्यात जमनालाल बजाजांच्या फोर्डची गोष्टही सांगतात: मोटारीला इंजिनऐवजी बैल जुंपले आणि तिचं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’.

पटापट काही

सुरुवातीचे टायर काळे नव्हते, पांढुरके होते. मिशेलिनचा तो गुबगुबीत टायरमाणूस १८९८ चा, म्हणून पांढरा. काजळी मिसळल्यावर रबर टिकाऊ झालं आणि काळंही.

गुडइयर कंपनी चार्ल्स गुडइयरने काढलेली नाही. रबराला गंधकाने पक्कं करण्याची युक्ती त्याची. कंपनी त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १८९८ मध्ये दुसऱ्यांनी काढली आणि नाव त्याचं ठेवलं.

सिएट मूळची इटलीतल्या तुरीनची. आता तिचा एक कारखाना केळझरच्या शेजारी, बुटीबोरीत आहे. तिथे दुचाकीचे टायर होतात. ब्रिजस्टोन चाकणला, गुडइयर छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला, एमआरएफ गोव्यात फोंड्याकडे.

स्टेपनी ही मुळात चाक नव्हतीच. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधू आऱ्यांशिवायची एक गोल रिम विकत, टायरसकट. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूने चिमट्यांनी अडकवायची. आता तर २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या कारला स्टेपनी ठेवण्याचं बंधनही नाही. आणि ज्या गाड्यांत बारीक, पिवळ्या पट्टीची स्टेपनी येते तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते. ती लावून समृद्धीवर चढू नये.

जन्मतारीख, गोटा आणि आयएसआय

टायरच्या भिंतीवर लांबलचक डीओटी क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४वा आठवडा. दुकानदाराने ‘ताजा माल’ म्हटलं तर हे चार आकडे वाचा. तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाच्या आधीचा आहे. तो टायर संग्रहालयात द्या.

टायर ‘गोटा’ झाला की नाही हे ठरवायला मेकॅनिकची गरज नाही. खोबणींच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कारसाठी कायद्याने किमान खोली १.६ मिमी. वरून चोपडलेलं चकचकीत पॉलिश खोबणीची खोली वाढवत नाही, हे जुने टायर घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआयची खूण हवीच. तो नियम २००९ च्या आदेशापासूनचा आहे.

नवे टायर दोनच घेतले तर पुढे लावायचे की मागे? बहुतेक जण म्हणतात पुढे, इंजिन पुढेच आहे ना. टायर कंपन्यांचं उत्तर: मागे. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि आपण ॲक्सिलरेटर सोडून सावरू शकतो. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिथे सावरणं बहुतेकांच्या हातात नसतं.

हवा, ऊन आणि समृद्धी

टायरमधला दाब दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआयने बदलतो. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत ३३ भरलेली हवा दुपारच्या उन्हात आपोआप चढते. मे महिन्यात भरलेली थंडीत उतरते. म्हणून दाब नेहमी थंड टायरचा मोजायचा, गाडी काढल्याबरोबर जवळच्या पंपावर. शंभर किलोमीटर पळवून आणल्यावर ‘जास्त झाली’ म्हणून हवा काढणं ही चूक. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि फुटतो तो बहुतेक वेळा असाच.

समृद्धी सिमेंटचा, सरळ, तासन्‌तास एकाच वेगाने नेणारा रस्ता. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा टायरच्या गाड्यांना परत पाठवलं. केळझरहून त्या रस्त्याला लागायला फारसा वेळ लागत नाही, तेव्हा इथल्या गाडीवाल्यांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलापासून गाडी भलतीकडे नेता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फेंडरच्या बाहेर दोन-दोन इंच आलेली चाकं पोलिसाला लांबूनच दिसतात. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला तर नक्कीच.

आता एक काम करा. आपल्या गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेला एक छोटी चिकटपट्टी असते. टायरचं माप, पुढचा-मागचा दाब, रिकामी आणि भरलेली गाडी, सगळं तिथे छापलेलं आहे. तिचा मोबाइलवर फोटो काढा. मग एका चाकावरचा भारांक, वेगाचं अक्षर, पीसीडी आणि ऑफसेट वहीत लिहून घ्या. एवढं घेऊन दुकानात गेलात तर ‘बसते ना भाऊ’ म्हणणाऱ्याला तुम्ही आकडे विचारू शकाल. आकडे सांगता आले नाहीत तर त्याच्याकडून चाक घेऊ नका.